झिल्फामावशीचं लाल कापड

दार नीट लाव, कोरिन. वारा आज समुद्राकडून येतोय. आणि हातातली सुई खाली ठेव थोडा वेळ. बाळासाठी हॅलोविनचे कपडे शिवते आहेस, जरूर शिव. पण कापड कुठून आणलंस, ते आधी सांग... दुकानातून? मग ठीक आहे. मग सांगतो.

धक्क्यावर माझ्या बोटीशेजारी मर्लची बोट असते, ती तू पाहिली आहेस. त्याच्या घरात झालं हे. लिओनानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. आणि शेवटी तर माझेच हात लागले.

दोन हजार चौदा. अठ्ठावीस ऑक्टोबर, मंगळवार. लिओनाच्या सासूला, अल्थियाला, सफरचंदाचा मुरंबा घालायचा होता. बरण्या कमी पडल्या. अल्थियाची थोरली बहीण झिल्फा एप्रिलमध्ये वारली होती, तिचं घर बंदच होतं. "तिच्या माळ्यावर बरण्या आहेत, तेवढ्या आणून दे," असं सासूनं सांगितलं. लिओना गेली. बरण्यांमागे एक पेटी होती. पेटीत लाल फ्लॅनेलचं कापड. अडीच वार, कोरं करकरीत. एका कोपऱ्यात सुई टोचलेली, दोरा ओवलेला.

लिओनाचा ओरिन तेव्हा आठ महिन्यांचा. हॅलोविनच्या सोंगात त्याला शेवंड बनवायचं तिनं आधीच ठरवलं होतं. लाल अंगरखा, कापूस भरलेल्या दोन नांग्या, आणि बाळाला बसवायचं शेवंडी उकडायच्या मोठ्या पातेल्यात. गावात हसून हसून लोक पडले असते. लाल कापड तेवढं मिळत नव्हतं. तिनं ते उचललं. बरण्या सासूच्या पायरीवर ठेवल्या, कापडाचं काही बोलली नाही. बोलायचं काय होतं त्यात?

जेवणं झाल्यावर तिनं बेतलं, कापलं, एका बाजूला मशीनची टीप मारली आणि झोपली.

सकाळी पाहते तर दुसरी बाजूही शिवलेली. हातानं. खसखशीएवढे टाके.

"मर्ल, तू शिवलंस?"

"मी? मला बटण लावता येत नाही. तूच शिवलं असशील झोपेत. बाळ झाल्यापासून तू झोपेत चहासुद्धा करतेस."

दोघं हसले. तिलाही ते पटलं.

गुरुवारी सकाळी मात्र हसली नाही. अंगरखा दोन्ही बाजूंनी आत घेतलेला होता. ओरिनचा खांदासुद्धा आत जाईना. तो अंगरखा दोन-अडीच महिन्यांच्या बाळाच्या मापाचा झाला होता.

तिनं सगळं उसवलं, परत शिवलं. मागे पाच टिचबटणं लावली. त्या रात्री मर्लनं तो अंगरखा कपाटात ठेवून कुलूप घातलं. शुक्रवारी सकाळी कपाट उघडलं, तर अंगरखा जसाच्या तसा. एक टाका इकडचा तिकडे नाही. दोघांच्या जिवात जीव आला.

एकतीस तारीख, हॅलोविनचा दिवस. संध्याकाळचे सव्वासहा. बाहेर अंधार पडलेला, रस्त्यावर पोरं पिशव्या घेऊन खाऊ मागत फिरत होती. लिओनानं ओरिनला अंगरखा घातला. बरोबर बसला. त्याला पातेल्यात बसवलं. मर्ल म्हणाला, "शेवंडीवर ओतायला लोणी वितळवू का?" ओरिन नांग्या आपटत खिदळत होता.

तेवढ्यात अल्थिया आली. नातवाला बघायला. दारातच थांबली.

"हे कापड कुठलं?"

"झिल्फामावशीच्या माळ्यावरचं. का हो, आई?"

अल्थिया खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

"झिल्फाला एक मुलगा झाला होता. एझ्रा. एकसष्ट साली. त्याचे हिवाळ्याचे कपडे शिवायला तिनं हे कापड आणलं. सुई ओवली... आणि त्याच दुपारी पाळण्यात... अकरा आठवड्यांचा होता. कापडाला कुणाला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, बाळ परत आलं की शिवायला घेईन."

"काढ ते. आत्ता."

लिओनानं ओरिनला उचललं. पाठीमागे हात घातला. टिचबटणं... नव्हती. तिथे शिवण होती. कमरेपासून मानेपर्यंत. खसखशीएवढे टाके.

ओरिन हसायचा थांबला.

"मर्ल, कात्री..."

कात्रीचं टोक आत जाईना. अंगरख्याचा गळा आवळत चालला होता. मर्लनं बोटं घालून पाहिली. नखं मोडली. कापड फाटेना. ओरिन रडतही नव्हता. ओठ निळे...

बाहेर पोरांनी दार वाजवलं. खिदळली. परत वाजवलं. आतून कुणी हललं नाही.

अल्थिया पुढे आली. बाळाकडे पाहिलं नाही तिनं. शिलाई मशीनसमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"झिल्फा."

...

"झिल्फा, मी आहे. हा तुझा नाही गं. हा माझ्या मर्लचा. तुझा एझ्रा टेकडीवर आहे. तिथे तुझी वाट बघतोय."

...

"सोड त्याला, ताई."

किती वेळ गेला, लिओनाला सांगता येत नाही. मग शिवण सुटली. मानेकडून खाली. एकेक टाका. सावकाश.

ओरिन जोरात रडला. असं रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही, असं मर्ल म्हणतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते कापड एझ्राच्या थडग्याशी पुरलं. तुकडे, चिंध्या, सगळं. खड्डा मी खणला. अल्थियानं प्रार्थना म्हटली. त्यानंतर त्या घरात काही झालं नाही. खरंच काही नाही.

फक्त एक आहे. रविवारी आंघोळ घालताना लिओनाला दिसलं, ओरिनच्या मानेवर, केसांच्या कडेला, अंगठ्याएवढी एक बट नव्हती. सरळ कापलेली. कात्रीनं कापावी तशी. आम्ही म्हटलं, धांदलीत मर्लची कात्री लागली असेल. वाढतील केस.

ओरिन आता अकरा वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात मी त्याला केस कापायला नेलं होतं. न्हाव्यानं त्याचं डोकं पुढे वाकवलं आणि मला विचारलं,

"ही बट कुणी कापली? आज सकाळीच कापलेली दिसतेय."