थरथरणारी लाल फीत

वारा पडला होता, तरी बांबूला बांधलेली लाल फीत थरथरत होती.

ऋतुजाने पक्षी पाहायच्या लाकडी खोपटाच्या फटीला डोळा लावला. मोठ्या तलावाकाठच्या या पक्षी-केंद्रात नियम होता: पक्ष्यांच्या पायात वाळे घालून झाले, जाळी गुंडाळली, की जाळीच्या बांबूला लाल फीत बांधायची, म्हणजे जाळी बंद. आज केंद्रातल्या नितीनदादाने फीत आधी बांधली आणि तेवढ्यात चहाची हाक आली. जाळी पसरलेलीच राहिली. जाता जाता त्याने आत न डोकावता खोपटाला बाहेरून कडी घातली. दार आपटलं की बदकं बिथरतात.

आता जाळीत एक धोबी पक्षी उलटा लटकत होता. आणि खोपटात कोंडलेले ऋतुजा अन् नाताळच्या सुट्टीत इंदूरहून आलेला तिचा मामेभाऊ कौस्तुभ. फोन ऑफिसात ठेवलेले.

"काका! दरवाजा खोलो!" कौस्तुभ ओरडला. धोबी धडपडला. दोरा पंखाभोवती आणखी आवळला.

ऋतुजाने कौस्तुभचं तोंड दाबलं. "गप्प. तो घाबरून गुंततोय."

ऊन चढत होतं. हेच होणार, म्हणून ती केंद्र चालवणाऱ्या जयंतकाकांच्या मागे लागली होती. माणसं दोनच उरलीत, जाळी बंद करू या. गेल्या हिवाळ्यापासून त्यांचं एकच उत्तर होतं: बघू.

समोरच्या काठावर, ऑफिसच्या ओट्यावर, काका दुर्बिणीतून चक्रवाक बदकं मोजत होते.

"कौस्तुभ, तुझा पिवळा टॉवेल दे. चक्रवाक उडवायचे."

"ताई, काका कच्चा खातील."

"खायला इथं यावं लागेल ना?"

केरसुणीला बांधलेला टॉवेल फटीतून बाहेर गेला, हलला. सगळा थवा पाण्यावरून उठला.

थोड्याच वेळात कडी निघाली. "माझी मोजणी कोणी उडवली?" काका लालबुंद झाले होते. मागे नितीनदादा धापा टाकत होता.

ऋतुजाने नुसतं बांबूकडे बोट केलं.

काकांनी आधी पाय सोडवले, मग पंख. धोबी तळहातावर निपचित पडला. मग त्याने डोळे उघडले, भुर्रकन उडून चिखलात उतरला आणि शेपटी हलवू लागला.

नितीनदादाची मान खाली होती. "फीत मीही पाहिली," काका त्याला म्हणाले, "म्हणून जाळीकडे पाहिलंच नाही." मग त्यांनी कौस्तुभच्या पाठीवर थाप मारली. "मोजणी बुडाली, पण डोकं चालवलंत."

त्यांनी फीत सोडून खिशात घातली.

"ऋतुजा, जाळी उतरवू या. पुरेशी माणसं मिळेपर्यंत इथे एकही पक्षी पकडायचा नाही."