हद्दीवरची मेथी

जमीन मोजायची लोखंडी साखळी थेट मेथीच्या वाफ्यात पडली आणि सगुणाचं डोकं फिरलं.

"ओ भिया! डोळे आहेत का नाही? मेथी आहे ती!"

दरबारचा मोजणीदार नीलकंठ चपापला. "नकाशात इथे सहा घरं आहेत…" तो ओशाळून म्हणाला.

सगुणा बांधावर मटकन बसली. प्लेगनं वडील नेले, लोक देवास शहर सोडून टेकडीखाली झोपड्यांत आले, तेव्हापासून ती आणि तिची आई या पडीक तुकड्यावर भाजी पिकवत होत्या. तीन वर्षं रहाट ओढून हातांना घट्टे पडले होते. आता इथे पक्की वस्ती होणार म्हणे. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं तिच्यात.

तो रोज येऊ लागला. संध्याकाळी विहिरीच्या काठावर ती उरलेल्या भाजीची टोपली ठेवायची. ज्याच्याकडे नसेल त्यानं न्यावी. कोण नेतं ते बघायचं नाही, अशी झोपड्यांतली रीत. म्हणून ती पाठ करून उभी राहायची… आणि नीलकंठची पावलं बरोबर ओळखायची.

"भाकरी करपते ना तुमची?" एकदा ती पाठमोरीच म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"कपड्यांना धुराचा वास येतो, भिया. चूल पेटवता येत नाही, आणि निघाले वस्ती वसवायला!"

तो हसला. "ते भिया म्हणणं सोडशील? भाऊ नाही मी तुझा."

"मग काय म्हणू?" म्हणत ती वळली, आणि दोघंही गोंधळले. रीत तिनंच मोडली होती.

मग चार दिवस तो आलाच नाही. तिला काही सुचेना. पाचव्या दिवशी आला तो पार थकलेला.

"वाफे वाचले तुझे. घरं भोवतीनं, मध्ये भाजी आणि विहीर."

"ते कसं?"

"देवासात राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यांची हद्द तुझ्या मेथीतून जाते. तिथे घर बांधायचं तर दोन्ही दरबारांची मंजुरी हवी, ती काय मिळते! वरचे म्हणाले, रेघ जरा सरकव. मी नाही सरकवली."

"आणि काम?"

"गेलं. उद्या मनावर गावी निघतो, मामांकडे." तो काठावर टेकला. "सगुणा… तू फार आवडतेस मला. पण रिकाम्या हातांनी काय मागू?"

तिला रडू आलं, आणि रागही. सगळं यानं एकट्यानंच ठरवायचं?

"रिकामेच हात हवेत," ती म्हणाली. "माझे दमलेत."

तिनं रहाटाचा दोर त्याच्यापुढे केला. मान खाली घालून, अगदी हळू म्हणाली, "अहो… धरा ना."

नीलकंठनं नकाशा टोपलीत ठेवला आणि दोर धरला.