स्वतःचाच पत्ता

दुपारी दीड वाजता आसावरीने चौक गावातल्या दुरुस्तीच्या टपरीवर फोन लावला, तेव्हा पोपट एका टेंपोची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. पंक्चर आणि लॅपटॉप एकाच टपरीत दुरुस्त करणारा तालुक्यात तो एकटाच.

सव्वादोनला तो भिसेगावात आसावरीच्या घरी पोचला. तीन वाजता बंगळुरूच्या एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा होती. ती आसावरीच्या नोंदवलेल्या लॅपटॉपवरच द्यायची, आणि नेमकं कंपनीचंच पान उघडत नव्हतं. परीक्षा हुकली की काकांच्या पतपेढीतली खुर्ची. जन्मभर. तिच्या वडिलांनी, अप्पांनी, त्या खुर्चीच्या पाठीवर तारीख घालून सहीसुद्धा करून ठेवली होती.

अप्पांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं नोंदी केल्या. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा पहिलं प्रशिक्षण त्यांनीच घेतलं. निवृत्त झाले, सवय झाली नाही. घरात लोणच्याच्या बरणीवर तारीख आणि ‘वि. ग.’ अशी सही होती. केळ्यांवरही होती. पोपट पाणी पिऊन होईस्तोवर त्याच्या हेल्मेटवरही झाली.

“बाकीचं उघडतंय?” पोपटाने विचारलं.

“सगळं. मोबाइलवर हेही उघडतं.”

“म्हंजी कंपनी जिवंत हाय. लॅपटॉपला हात कोन लावतं?”

“इंदूबाई. पुसायला.”

इंदूबाईंनी स्वयंपाकघरातून कळवलं की त्या फक्त बाहेरून पुसतात, आतल्याचे पैसे ठरलेले नाहीत.

“पासवर्ड कुनाला ठावं?”

“मला. आणि अप्पांच्या वहीला.”

अडीच वाजले. अप्पा चहा घेऊन आले, दाराला आतून कडी घातली आणि दारासमोरच खुर्ची टाकून बसले. वाऱ्याने दार आपटतं, म्हणाले. वारा नव्हता.

पोपटाने कंपनीचं नाव टाकून लॅपटॉपला पत्ता विचारला. लॅपटॉपने स्वतःचाच सांगितला. परत विचारला. परत तोच. मग त्याने एक फाइल उघडली, वाचली आणि आधी चहा संपवला.

“ताई, नावावरनं पत्ता काढायला लॅपटॉप भायेर विचारतो. पन त्याच्या आधी घरातली एक छोटी यादी बघतो. तिथं नाव गावलं की भायेर जातच नाय. या यादीत कुनीतरी तुमच्या कंपनीच्या नावाला ह्याच लॅपटॉपचा पत्ता लिवलाय. तवापासनं तो कंपनी सोताच्याच पोटात शोधतोय.”

“कुणी?”

“यादीत लिवायला पासवर्ड लागतो. म्हंजी इंदूबाई सुटल्या. आन ओळीच्या शेवटी परवाची तारीख हाय.” पोपटाने हेल्मेट उचलून स्क्रीनशेजारी धरलं. “म्होरं वि. ग.”

अप्पांनी चष्मा पुसला. “सही न करता नोंद कशी ठेवणार?”

“मला इथंच ठेवायचं होतं, तर तसं सांगायचं ना, अप्पा.”

“सांगितलं असतं तर तू गेली असतीस.”

दोन पन्नास. पोपट ती ओळ खोडायला गेला, तर अप्पांनी त्याचा हात धरला. नोंद खोडत नसतात, रद्द करतात. इथे कशी करतात, त्यांनी विचारलं. पोपटाने सांगितलं, ओळीच्या आधी हॅशची (#) खूण टाका. त्याच्या पुढचं मशीन वाचत नाय, मानसं वाचतात.

अप्पांनी एका बोटाने खूण टाकली. शेवटी लिहिलं: रद्द. आजची तारीख. वि. ग.

दोन अठ्ठावन्नला पान उघडलं.

अप्पा उठले आणि त्यांनी दाराची कडी काढली. कडीशेजारी पेनाने आजची तारीख आणि सही होती. त्यांनी खिशातलं पेन काढून तिच्याखाली लिहिलं: रद्द.