दुसरा रिमोट

'होडीवाला' हा जुना व्हिडिओ गेम नव्या रूपात नेमक्या दिवशी बाजारात आला, तर मुग्धा नाईकवडेला दोन गोष्टी मिळणार होत्या. पहिली, बाणेरच्या स्मृतिप्रयोगशाळेचं प्रमुखपद. दुसरी तिने कुणाला सांगितली नव्हती: इचलकरंजीतली लहानपणच्या सुट्टीतली दुपार पुन्हा एकदा, टीव्हीसमोर सतरंजी, शेजारी भाऊ नंदूदादा आणि दोघांच्या हातात एकेक रिमोट.

लोकांची ओढ सर्वांत जास्त असेल तो दिवस ठरवायला तिने ओढमापक बनवला होता. डोक्याला पट्टा लावला की जुन्या गोष्टीची ओढ किती, ते काटा दाखवी. संचालक देशमान्यांना मात्र घाई होती. पुढच्याच महिन्यात का नको, म्हणून ते मागे लागले होते.

"आठवण कपाटातल्या फोटोसारखी नसते, सर. बाहेर काढली की मेंदू ती नव्याने लिहून ठेवतो, आणि त्या वेळी समोर जे असेल ते तिच्यात मिसळतं. लोक नवा गेम खेळले की जुना पुसला जाणार. ही ओढ एकदाच वसूल होते."

"म्हणजे दुसऱ्यांदा विकता येणार नाही म्हणा की." देशमाने मनापासून हळहळले.

दिवस अचूक निघाला. चाळिशीतली माणसं दुकानांत डोळे पुसत उभी राहिली. देशमान्यांनी पेढे वाटले. संध्याकाळी मुग्धाने पट्टा स्वतःला लावला. काटा हलेना. तिने डोळे मिटले. सतरंजी होती, पण टीव्हीवर नव्या गेमचं चकचकीत पाणी होतं, आणि दादाच्या जागी चाचणी विभागातला पिंटो हेडफोन लावून बसला होता. दोन वर्षं रोज त्याच्याच शेजारी बसून तर तिने तो गेम तपासला होता.

तिने दादाला फोन लावला. गेम त्याने घेतला होता, पण फोडला नव्हता. खोक्यावर बहिणीचं नाव, म्हणून शोकेसमध्ये मांडला होता.

"म्हणजे ती दुपार तुझ्याकडे आहे अजून," ती म्हणाली. "सांग ना."

"काय सांगू? तुझा रिमोट मी कधी जोडायचोच नाही. दुसरी होडी आपली आपण चालायची, ती तुझी म्हणून सांगायचो. तू 'मी जिंकले, मी जिंकले' म्हणत गल्लीभर नाचायचीस. आईला लोंबती वायर दिसली, तर मी तिला गप्प राहायची खूण केली होती."

मुग्धा खूप हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. अगं एवढं काय झालं, असं दादा घाबरून विचारत राहिला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. त्याने ती दुपार आत्ता बाहेर काढली होती. परत ठेवली जाईल तेव्हा तिच्यात हे रडणंही मिसळून जाणार होतं.

देशमान्यांना नफा मिळाला. मुग्धाला पद मिळालं, वर रिमोटची गोष्टही. किंमत मोजली ती दादाने: खोक्याची आधी, दुपारची आत्ता.