शेवटचं कपलिंग

ही घडलेली गोष्ट आहे. जिच्यासोबत घडली ती मयुरी आजही वडनेर भोलजीत राहते. विषय निघाला, की उठून आत निघून जाते.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. रात्र नव्हती... सकाळचे अकरा वाजले होते.

हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. स्प्रिंकलरचे पाईप जुने, ॲल्युमिनियमचे. एकात एक बसवायचे आणि कपलिंगची कडी दाबायची. मधे तूर उभी, त्यामुळं विहिरीवरून शेवटचं टोक दिसत नसे. मोबाईलला रेंज नाही. मग नवरा, अश्वजित, शेवटची कडी लावून झाली की पाईपावर पान्यानं दोनदा वाजवायचा. ते ऐकून मयुरी मोटर सुरू करायची.

विहिरीला कठडा नव्हता. म्हणून पाच महिन्यांच्या प्रसेनजितची झोळी तिनं मुद्दाम त्या टोकाला बांधली होती. बोरीच्या झाडाला, बापाच्या नजरेसमोर.

बराच वेळ झाला. आज काही वाजेना.

तिनं वाकून पाईपाला कान लावला.

टण...

टण.

तिनं बटण दाबलं. पाणी पाईपातून धावत गेलं.

तेवढ्यात मागं मोटरसायकल थांबली.

अश्वजित होता. मोटरचा आवाज ऐकून विहिरीकडं वळलेला.

"मोटर काऊन चालू केली व?"

"तुमीच त वाजवलं..."

"मी कुठी वाजवलं? शेवटच्या जोडातलं रबर फाटेल होतं. नवीन आणाले तिकडच्याच वाटेनं वडनेरले गेलतो."

"अन् पोरगं?"

तो खाली पाहत म्हणाला, "झोपेल होतं. म्हटलं, पाच मिनिटात येतो..."

मयुरीनं मोटर बंद केली आणि तुरीतून धावत सुटली. कडी उघडी असली, तर पाण्याच्या जोरानं पाईप उसळतो. अन् झोळी तिथून दोन हातांवर.

पाईप जागेवर होता.

कडी लागलेली होती. जोडातून थेंबही गळत नव्हता.

प्रसेनजित जागा होता. रडत नव्हता. थंडीत नुसत्या झबल्यावर पडून झोळीच्या बाहेर, एकाच जागी बघत होता.

त्याचं पिवळं दुपटं नव्हतं.

आदल्या दिवशीच्या पाण्यानं माती ओली होती. तिच्यावर अश्वजितच्या चपला उमटलेल्या... दुसरं एकही पाऊल नाही.

संध्याकाळी सासऱ्यांनी, किसनरावांनी, ते कपलिंग उघडलं. रबराच्या जागी पिवळ्या कापडाची पट्टी होती. गळका जोड बांधताना जुना माणूस चिंधी गुंडाळतो, तशी. सात वेढे, एकही सैल नाही.

त्यांनी पट्टी सोडून जमिनीवर पसरली. मग म्हणाले,

"हे त अर्धंच हाये. बाकीचं कुठी हाये?"

दुसऱ्या दिवशी मयुरीनं सगळी कपलिंगं एकेक करून उघडली. तूर धुंडाळली. विहिरीत गळ टाकून पाहिला.

नाही मिळालं.

पुढं पाईप विकले. शेत बटईनं, वाट्यानं कसायला दिलं. पोरगं आता चालतं, बोलतं, चांगलं आहे.

पण एक गोष्ट मयुरी अश्वजितजवळही बोललेली नाही. त्या सकाळी तिनं दुपटं बाळाच्या पाठीखालून घेऊन घट्ट गुंडाळलं होतं. ते काढायचं, तर बाळाला आधी उचलून घ्यावं लागतं...

कुणीतरी बाळाला उचलून घेतलं होतं. आणि परत ठेवलं होतं.