'अजून ठरलं नाही'चा कोपरा

थिओ पहिल्यांदा आमच्या कॅफेत शिरला तो नोव्हेंबरच्या बर्फात, कापडी बूट घालून. बुटांतून पाणी ठिबकत होतं आणि हा दारात उभा राहून हसत होता.

"बाहेरचे दिसताय," मी कॉफी ओतत म्हटलं.

"इतकं कळतं?"

"बुटांवरून. ऑर्डवेबाईंच्या प्रचाराला आलात ना? राष्ट्राध्यक्ष व्हायला निघाल्यात, पण इथे हरणार."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. विचारा गावात, मारेनचा अंदाज चुकत नाही."

"मग मी रोज येतो... तो बदलेपर्यंत."

रोज आला मेला. ॲपल पाय खायचा, भांडायचा, जाताना काचेवरच्या वाफेत ऑर्डवेबाईंचं नाव लिहून जायचा. हार्डवेअरच्या दुकानावर खोली घेतली, मतदार म्हणून नावही इथलंच नोंदवलं. आणि माझा अंदाज? तो पार विस्कटला. गिऱ्हाइकं विचारायची, "मारेन, आपलं आयोवा राज्य कोण जिंकणार?" मी म्हणायची, "माहीत नाही." लोइस आत्या माझ्या कपाळाला हात लावून बघायची.

कारण जानेवारीत तो सहज बोलून गेला होता, "आपल्या गावात बाईंचा गट टिकला, तर मला दुसऱ्याच दिवशी पुढच्या राज्यात, न्यू हॅम्पशायरला नेणार आहेत. मोडला तर माझं काम संपलं. मग इथल्या शाळेत इतिहासाच्या मास्तरांची जागा आहे म्हणे..."

"तुला काय हवंय?"

"जिंकायचंय," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता कॉफी ढवळत बसला. साखर घातलीच नव्हती.

आता सांगा, मी काय मागू? तो जिंकला तर जाणार. हरला तर राहणार... पण तोंड पाडून.

आमच्याकडे लपूनछपून मत देता येत नाही. मतदानाच्या संध्याकाळी सगळ्यांनी शाळेच्या व्यायामशाळेत जमायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, साऱ्या गावादेखत. ज्या कोपऱ्यात पुरेशी माणसं नाहीत, तो मोडतो आणि त्यातल्यांना दुसरा कोपरा गाठावा लागतो. यंदा मी जाऊन उभी राहिले 'अजून ठरलं नाही'च्या कोपऱ्यात. सोबतीला डुलक्या काढणारे दोन म्हातारे.

माणसं मोजायला आमची आत्याच. तिने पहिली मोजणी केली. "ऑर्डवे, एक माणूस कमी. 'ठरलं नाही'वाले, तुमचं तर विचारूच नका. थोडा वेळ देते, जागा बदला."

झालं, नुसती झुंबड. जो तो दुसऱ्याला बिस्किटं देऊन ओढतोय. मी थिओकडे पाहिलं. तो खाली मान घालून उभा होता. जाऊ दे त्याला, म्हटलं. जिंकू दे. डोळे पुसले आणि गर्दीतून वाट काढत, भिंतीच्या कडेकडेने ऑर्डवेंच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले.

आत्याने पुन्हा मोजलं. "ऑर्डवे... अजून एक कमीच."

असं कसं? मी तर आलेय. मी मागे वळले. थिओ नव्हता. तो पलीकडे, त्या दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये उभा होता... आणि वेड्यासारखा मला शोधत होता.

व्यायामशाळेच्या मधोमध आमची गाठ पडली.

"तू तिथे काय करत होतास?" मी कुजबुजले.

"तू तिथे होतीस म्हणून... तू इकडे कशाला आलीस?"

"तुला जिंकायचं होतं ना, गाढवा."

"मलाही तसंच वाटत होतं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मग तू म्हाताऱ्यांमध्ये एकटी उभी दिसलीस, आणि मला न्यू हॅम्पशायर नकोसंच झालं. मारेन, मला इथे राहायचंय. तुझ्याजवळ."

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," मी म्हटलं. अगदी मोठ्याने निघालं. बिस्किटं खाणारे थांबले.

"दोन्ही गट मोडले," आत्या खेकसली. "तुम्ही दोघं कुठे जाताय, लवकर बोला."

जवळ होता टॉलिव्हर या दुसऱ्या उमेदवाराचा कोपरा. तो माणूस आम्हा दोघांनाही मुळीच आवडत नाही. तिथेच गेलो. शेवटच्या मोजणीला हात वर करायला सांगितलं, तेव्हा माझा हात थिओच्या हातात होता, म्हणून दोन्ही एकदमच वर गेले. आत्याने दोन्ही मिळून एकच हात मोजला. आम्हीही तो एकच राहू दिला.