शांततेचा नमुना

"इस्त्रीवाला त्या संध्याकाळी फक्त एक वायर आणायला बाहेर पडला होता, बाकी काही नाही," तात्या म्हणाले, आणि जिन्यातली पोरं सरकून जवळ आली.

वीज गेलेली होती. वरच्या पायरीवर तात्या, खालच्या पायऱ्यांवर बिल्डिंगमधली सगळी पोरं. एकाने मोबाइलचा उजेड पाडला होता, तोही तात्यांनी बंद करायला लावला.

"कुठला इस्त्रीवाला?"

"तुम्ही नाही पाहिलात, माझ्या जुन्या घराखालचा. माझे शर्ट त्याच्याकडे असायचे. कॉलरला नुसता हात लावून सांगायचा, तात्या, काल झोप नाही झाली वाटतं. त्याने मला जसं सांगितलं तसंच सांगतोय. पदरचं काही नाही."

"भूत पांढऱ्या कपड्यांत होतं का?" धाकटीने विचारलं.

"इस्त्रीवाल्याकडे पांढऱ्या कपड्यांना काय तोटा? ऐक गुमान."

इस्त्रीवाल्याची एकच खोली होती. रस्त्याकडच्या अर्ध्या भागात इस्त्रीचं टेबल आणि कपडे टांगायच्या तारा, पडद्यामागे चूल, पलंग आणि म्हातारा फ्रिज. बायको भारी बोलकी. गिऱ्हाईक शर्ट न्यायला यायचं आणि अर्धा तास गप्पा मारून शर्ट विसरून जायचं. पण गळा असा की गायला लागली की रस्त्यावरची माणसं चालताना हळू व्हायची.

तिचं गाणं घरीच रेकॉर्ड करायचं खूळ दोघांनी घेतलं होतं. जुना कॉम्प्युटर आणला, कुणीतरी टाकून दिलेला माइक आणला. माइकवर श्वासाची फुसफुस येते म्हणून त्याला पायमोजा चढवला आणि हँगरला बांधून टांगला. उघड्या भिंती आवाज परत फेकतात, कपडे आवाज पिऊन टाकतात. एवढं त्यांचं त्यांनाच कळलं होतं. म्हणून गाणं व्हायचं ते शनिवारी रात्री. आठवड्याची इस्त्री झालेली, रविवारी गिऱ्हाइकं न्यायला येणार, तारा कपड्यांनी गच्च. ती त्या कपड्यांच्या मधोमध उभी राहायची.

"आज साथीला चार वकील आहेत हं," काळ्या कोटांना हात लावून म्हणायची. "आणि मुख्याध्यापकांची नुसती पँट."

हा खाली बसून पत्र्याच्या रिकाम्या डब्यावर ताल धरायचा. बटण दाबायच्या आधी भरल्या सभेला दटावावं तसं म्हणायचा, "आता कुणी बोलायचं नाही." खोलीत दोघंच. तो दम तिलाच असायचा.

शेवटचं गाणं अंगाईचं होतं, तिनेच रचलेलं. लेक दुसऱ्या गावी, तिला दिवस गेलेले. दोन कडवी झाली. तिसऱ्याचे शब्द जमत नव्हते. "सुचतील की, घाई कसली," म्हणाली. मग ताप आला. साधाच वाटला. दवाखान्यात नेली ती घरी आलीच नाही.

त्याला चार महिने झाले. लेकीचे दिवस भरत आले तेव्हा तिने फोन केला. "बाबा, बाळाच्या कानावर पहिला आवाज आईचा पडायला हवा. पण त्या गाण्यात आईपेक्षा फ्रिजच जास्त गातोय हो."

खरंच होतं ते. फ्रिज बंद करू म्हटलं की बायको म्हणायची, दूध नासेल. त्याची घरघर प्रत्येक ओळीखाली बसली होती. आणि तिचा आवाज म्हणून जगात तेवढंच एक उरलं होतं. आधीची गाणी कॉम्प्युटर एकदा बंद पडला तेव्हा गेली.

म्हणून त्या शनिवारी तो कॉम्प्युटरवाल्याकडे हेडफोनची वायर आणायला गेला तेव्हा ही अडचणही सांगितली.

"सोपं आहे काका," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "कुणी बोलत नसताना खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा. तो झाला नमुना. मग मशिनला सांगायचं, या नमुन्यात जे जे आहे ते गाण्यातून काढून टाक."

"म्हणजे डाग दाखवायचा आणि कपडा वाचवायचा."

"अगदी तसंच!"

डिसेंबरातला शेवटचा शनिवार. थंडी मी म्हणत होती. इस्त्री उरकायलाच बारा वाजून गेले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तारा कपड्यांनी गच्च भरल्या होत्या. त्याने माइक टांगला आणि फ्रिजची वायर ओढून काढली. शांतता घ्यायची तर ती चांगली असावी, असं त्याला वाटलं. तिथेच तो चुकला. फ्रिजचा डाग काढायचा तर नमुन्यात फ्रिज नको का वाजायला? पण हे त्याला नंतर उमगलं.

बटण दाबायच्या आधी सवयीने तोंडातून निघालंच. "आता कुणी बोलायचं नाही."

आपलाच श्वास त्यात यायला नको म्हणून तो बाहेर आला, दार ओढून घेतलं आणि थंडीत हात काखेत घालून उभा राहिला. थोड्या वेळाने आत गेला आणि बटण बंद केलं.

मशिनला नमुना दाखवला. गाणं दाखवलं. हे जे आहे ते काढ, म्हणाला. कानाला हेडफोन लावला.

डबा वाजला. टक, टक-टक.

फ्रिजची घरघर होती. होती तशीच.

ती नव्हती.

त्याला वाटलं हेडफोन सैल झाला. दाबून पाहिला. पुन्हा पहिल्यापासून लावलं. डबा आणि फ्रिज, बस. तिच्या ओळीची जागा आली की डबा जरा हळू व्हायचा, तिला वाट करून द्यायचा... आणि तिथे कुणीच नाही.

घाईघाईने केलेलं उलटं फिरवलं. आवाज परत आला. काहीतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा तोच नमुना दिला.

पुन्हा ती गेली. फक्त ती.

आता फ्रिज आठवला. फ्रिज तर बंद होता. नमुन्यात फ्रिज नव्हताच. मग मशिनने काढलं काय? नमुन्यात जे होतं तेच ना?

मग... खोलीत काय होतं?

नमुना लावला. आवाज पार वर नेला. काही नाही. श्वास नाही, चाहूल नाही. पण एवढ्या वर्षांचा संसार. रिकामी खोली वेगळी. कुणीतरी ओठ दाबून गप्प बसलेली खोली वेगळी. ते त्याला कळलं.

त्याने हेडफोन काढला. मान वळवायचा धीर होईना.

मागे कपडे होते. वारा नव्हता. एक हँगर तारेवर हळूच सरकला... आणि थांबला.

"अगं..."

काही नाही.

"मी म्हटलं म्हणून गप्प बसलीस?"

काही नाही...

त्याच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी डोळ्यांना धार लागली. मला म्हणाला, तात्या, भीती होती. पण भीतीहून मोठं काहीतरी होतं. चार महिने ही गप्प. जन्मात कधी गप्प न बसलेली. आणि मी परत तिलाच दटावलं.

"बोल," तो म्हणाला. "आता तू बोल गं. मी डबा धरतो."

बटण दाबलं. जमिनीवर बसला. मान खालीच. डबा वाजवू लागला.

पहिलं कडवं. दुसरं.

थांबला नाही. तिसऱ्याचाही ताल धरला.

कानावर काही आलं नाही. नुसता डबा. बोटं दुखली तेव्हा थांबला. मग बटण बंद केलं आणि तसाच बसून राहिला.

पहाटेच्या आधी जावयाचा फोन आला. मुलगा झाला होता, बाळ-बाळंतीण सुखरूप. इस्त्रीवाल्याने ठरवलं, गाणं आहे तसंच धाडायचं. घरघरीसकट. पुन्हा तिच्या आवाजाला हात लावायचा नाही. डोळे चोळत गाणं धाडलं आणि आडवा झाला.

उजाडल्यावर लेकीचा फोन. ती हुंदके देत होती.

"बाबा, तिसरं कडवं कधी केलंत हो? मला बोलला पण नाहीत!"

तो उठून बसला.

"आणि आवाज किती स्वच्छ आलाय! फ्रिज नाही, काही नाही. फक्त तुमचा डबा का काढलात? तो असता तर बरं वाटलं असतं."

त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं. झोपेच्या भरात जुनं गाणं धाडायचं सोडून रात्रीचं धाडलं होतं. रात्रीचं, ज्यात नुसता डबा होता.

"जरा... फोनला लावून ऐकव बघू."

तिने लावलं. त्याने फोन कानाशी दाबून धरला. टक, टक-टक. डबा. दुसरं काहीच नाही. आणि त्या बाजूला बाळाचं रडणं हळूहळू थांबलं.

"बघा, गप्प झाला! ऐकलंत ना बाबा?"

"हो," तो म्हणाला. "ऐकलं."

"त्याला शेवटपर्यंत ऐकूच आलं नाही?" जिन्यातून कुणीतरी विचारलं.

"नाही. दर शनिवारी लावायचा. मीही बसलोय त्याच्याजवळ. मलाही डबाच." तात्या भिंतीला टेकून बसले. "पुढे त्याचा कॉम्प्युटर कायमचा गेला, लेकीचा तो फोनही बिघडला. आता ते गाणं कुठल्याच मशिनमध्ये नाही. तो मुलगा शाळेत जायला लागलाय. तिसरं कडवं त्याला तोंडपाठ आहे. आईने शिकवलं का विचारलं तर नाही म्हणतो."

"काय होतं त्यात?" धाकटीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

तात्यांनी घसा साफ केला. गायले नाहीत, नुसतं म्हणून दाखवलं.

"दिवा मालवला, भिऊ नको बाळा,
गेले नाही मी कुठे,
इथेच उभी आहे कपड्यांच्या आड,
गप्प आहे... एवढंच."